सत्त्याण्णव आणि अठरा

भोपाळला ताईकडे गेलो की पहिले दोन दिवस पोहे-जिलबी, शाहपुरा तलावाच्या काठचा फेरफटका आणि मनीषा मार्केटमधली किरकोळ खरेदी यातच जातात. गेल्या जानेवारीत मात्र चपला काढायच्या आधीच ताईने मला आतल्या खोलीत नेलं आणि लोखंडी कपाटाच्या माथ्याकडे बोट दाखवलं. तिथे जुन्या टॉवेलात गुंडाळून, वर साडीच्या फॉलची चिंधी बांधून, भाच्याचा प्लेस्टेशन ४ ठेवला होता. गणपती विसर्जनाला नेताना बांधतात, तसा.

"भाऊजींनी?" मी विचारलं.

"हो. तीन आठवडे झाले. बापलेक एकमेकांशी बोलत नाहीत. तूच काय ते समजाव. तुझंच ऐकतो तो."

आता समजवायचं कुणाला, हे तिने सांगितलं नाही. आणि एक गोष्ट ती बोलली नाही, पण मला पक्की ठाऊक होती. ज्या गेमवरून हे रामायण घडलं तो मीच दिला होता. दिवाळीला. भाचा दहावीला, परीक्षा तोंडावर, आणि मामाने गोव्याहून येताना काय आणावं, तर 'रेड डेड रिडेम्प्शन २'. बिबिंका आणला होता तो वेगळा, पण त्याची आठवण कुणी काढली नाही.

वाचकहो, मी या विषयावर लिहिणार म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. नाटक, दशावतार, जत्रा-उत्सव यांवर लिहिणारा माणूस हे काय घेऊन बसला? पण मी गेली तीसेक वर्षं व्हिडिओ गेम खेळतो आहे, आणि ते आजवर तुमच्यापासून थोडं लपवलंच. चाळिशी उलटलेल्या माणसाने तसं सांगणं आपल्याकडे बरं दिसत नाही. रात्री दोनपर्यंत क्रिकेटची मॅच पाहिली तर 'रसिक', आणि तेवढाच वेळ खेळलं तर 'अजून पोरकटपणा गेला नाही'. असो.

माझी सुरुवात डिचोलीला झाली. आमच्या शेजारच्या घरातला एकजण तारवटी होता. बोटीवरून सुट्टीवर येताना तो दर खेपेला एखादं यंत्र आणायचा. १९९२ च्या सुमारास त्याने जपानहून सेगाचा मेगा ड्राइव्ह आणला. यंत्र जपानी, म्हणजे शंभर व्होल्टचं. आपली वीज दोनशे तीस. म्हणून आधी एक ट्रान्सफॉर्मर आला, विटेएवढा जड, आणि तो तापला की खेळ बंद. शिवाय जपानची चित्रपद्धत एनटीएससी आणि आपले टीव्ही पाल. त्यामुळे रंगीत टीव्हीवरसुद्धा चित्र कृष्णधवल दिसायचं. 'सॉनिक' नावाचा तो धावरा साळू निळा असतो हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. माझ्या मनात तो अजून करडाच आहे.

पण त्या ओसरीवर आम्ही वाड्यावरची दहा-बारा पोरं बसायचो, हिंदू-ख्रिश्चन सगळी, आणि कंट्रोलर दोनच. मेला की उठायचं, हा नियम. खेळणारा एक आणि सूचना देणारे नऊ. आज कुणी मला विचारलं की गेम खेळण्याची उत्तम पद्धत कोणती, तर मी तीच सांगेन.

मग आले 'समुराई' आणि तत्सम टीव्ही गेम. निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानात जुलै १९८३ ला आला, आणि आपल्याकडे नव्वदीच्या दशकात मध्यमवर्गाच्या घरात जे यंत्र पोचलं ते बहुतेक त्याचीच नक्कल असे. खेळाच्या डबीला आपण सगळे 'कॅसेट' म्हणायचो. चालली नाही की काढून फुंकर मारायची, पुन्हा घालायची. (फुंकरेतल्या ओलाव्याने आतल्या पट्ट्या गंजतात, म्हणून निन्टेंडो तसं करू नका सांगायची. आपल्यापर्यंत ते कोण पोचवणार?) कॅसेटवर लिहिलेलं असायचं, '९९९९ इन १'. घरी येऊन पाहावं तर आत सात-आठच खेळ, तेच वेगवेगळ्या नावांनी फिरून फिरून. 'कॉन्ट्रा'त तीस जीव मिळवायची युक्ती, वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी, ही कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो या माणसाने मुळात १९८६ च्या 'ग्रेडियस'साठी स्वतःच्या सोयीने घातली होती. खेळ तपासायला त्यालाच जमेना म्हणून. २०२० साली हाशिमोतो गेला तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. हे बायकोला सांगितलं नाही.

सांगायचा मुद्दा असा, की त्या वेळी आमच्याकडे रिव्ह्यू नव्हते. होता तो वाड्यावरचा एक मोठा मुलगा. "ती कॅसेट घेऊ नको, पहिल्याच बोर्डात अडकते" एवढं तो सांगायचा, आणि ते पुरायचं. कारण आमचा टीव्ही कसा आहे, आमच्या खिशात किती आहेत, आणि आमच्या घरची वीज किती वाजता जाते, हे सगळं त्याला माहीत होतं.

वीज हा शब्द आला की मला भोपाळच आठवतं. ताई लग्न होऊन शाहपुऱ्यात आली ती २००१ साली. त्याआधी सहा महिने, १ नोव्हेंबर २००० ला, छत्तीसगड वेगळं झालं होतं आणि मध्य प्रदेशाच्या वाट्याची बरीच वीज तिकडे गेली होती. पुढे डिसेंबर २००३ च्या निवडणुकीत दिग्विजयसिंहांचं सरकार 'बिजली, सडक, पानी' या तीन शब्दांत बुडालं. त्या काळात, २००२ च्या मे महिन्यात, मी कॉलेजची सुट्टी घालवायला इथे आलो होतो. भाऊजींनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यावर एकच गेम होता. 'प्रोजेक्ट आयजीआय'.

माझ्या वयाच्या कुणाला हे नाव सांगायला नको. डिसेंबर २००० मध्ये नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने काढलेला हा गेम. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा माणूस शत्रूच्या तळावर शिरतो, कॅमेरे चुकवतो, भोंगा वाजला की पळतो. परदेशी समीक्षकांनी त्याला बरं-वाईट दोन्ही म्हटलं, पण एका गोष्टीवर बहुतेकांनी बोट ठेवलं. मोहीम अर्धवट असताना ती जतन करायची, म्हणजे सेव्ह करायची, सोयच नाही. मेलात की मोहीम पहिल्यापासून.

तिकडे हा दोष होता तो गैरसोयीचा. आमच्याकडे तो ग्रहयोग होता. रात्रीचे साडेअकरा, भाऊजी पोटावर सरपटत कुंपणापर्यंत पोचलेत, मी शेजारी स्टुलावर बसून "उजवीकडे, उजवीकडे मनोऱ्यावर एक आहे" म्हणतोय, आणि सगळं शाहपुरा काळोखात. यूपीएस पाच मिनिटं किंचाळायचा. त्या पाच मिनिटांत मोहीम संपवायची! भाऊजी तेव्हा तिशीचे, सरकारी नोकरीत नवे, घरात नवी बायको. ती दाराशी मेणबत्ती घेऊन उभी आणि हे म्हणतायत, "थांब यार, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं."

आता सांगा, या गेमला दहापैकी किती गुण द्याल? गुणपत्रिकेत तो बेताचा आहे, आणि भारतात त्याच्याइतका खेळला गेलेला दुसरा गेम शोधावा लागेल. सायबर कॅफेत, शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, दुकानातल्या पीसीवर. कारण तो साध्या मशीनवर चालायचा, त्याला इंटरनेट लागत नव्हतं, आणि तो एका सीडीवर मावायचा, जी सीडी (खोटं कशाला बोलू) नव्वद टक्के घरांत चोरीची असायची. 'क्रिकेट ०७'चंही तसंच. २००६ च्या शेवटी आलेला तो ईए स्पोर्ट्सचा शेवटचा क्रिकेट गेम. कंपनीने मालिका सोडून दिली, आणि आपल्या पोरांनी त्यात नवे संघ, नवे गणवेश, अख्खं आयपीएल घरबसल्या घालून तो पुढे कितीतरी वर्षं चालता ठेवला. कुठल्या रिव्ह्यूत हे मावतं?

माझं स्पष्ट मत आहे की गेमचे आकडेवारी रिव्ह्यू आपल्या उपयोगाचे फारसे नाहीत. जपानच्या 'फामित्सू'ची पद्धत जुनी, चार समीक्षक, प्रत्येकी दहा गुण. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली झेल्डाच्या 'ओकारिना ऑफ टाइम'ला. तिथे निदान चार माणसं दिसतात. २००१ मध्ये 'मेटाक्रिटिक' आलं आणि सगळ्यांची सरासरी काढून एकच आकडा चिकटवू लागलं. सरासरीला ना घर असतं ना ओसरी. समीक्षकाला गेम आधी मिळतो, बहुधा फुकट मिळतो, आणि तो चार दिवसांत ढोसून संपवावा लागतो. रविवारी दुपारी तासभर खेळणाऱ्या माणसाचा अनुभव त्याला येणार कुठून? आमच्या कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत परीक्षकांनी पहिलं दिलेलं नाटक आणि गावच्या मंडपात रात्री तीनला लोकांनी धरून ठेवलेलं नाटक, ही दोन वेगळी असतात हे गोव्यातल्या माणसाला शिकवायला नको. (जाता जाता, पणजीची कला अकादमी आणि भोपाळचं भारत भवन, दोन्ही चार्ल्स कोरियांची. भारत भवनच्या पायऱ्या उतरताना मला दर वेळी मांडवीचा वास येतो. मोठ्या तलावाचा असणार, पण येतो.)

एवढं सगळं ज्ञान असून मी दिवाळीला काय केलं? सत्त्याण्णव हा आकडा पाहिला आणि गेम उचलला. 'रेड डेड रिडेम्प्शन २', ऑक्टोबर २०१८, मेटाक्रिटिकवर ९७. मी स्वतः तो खेळलोय, आणि तो अप्रतिम आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घोड्याच्या मानेवरचं दव दिसतं त्यात. पण त्याच खोक्याच्या कोपऱ्यात दुसरा आकडा होता, १८. भाच्याचं वय पंधरा. हा आकडा 'पेगी' या युरोपातल्या व्यवस्थेचा, २००३ पासून चालू असलेल्या. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर आहे, गेमच्या खोक्यावर मात्र परक्यांनी दिलेला आकडा असतो आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. भाच्याने ९७ वाचला, भाऊजींनी दोन्ही वाचले नाहीत, आणि मामाने दोन्ही वाचून एकच पाहिला.

डिसेंबरातल्या एका रात्री भाऊजी पाणी प्यायला उठले, तेव्हा पडद्यावर एका माणसाला मारझोड करून कर्जवसुली चालली होती. माणूस खोकत होता, बायको दाराशी रडत होती. (ज्यांनी खेळलाय त्यांना ठाऊक आहे, सगळी गोष्ट त्याच प्रसंगावर उभी आहे. पण पाणी प्यायला उठलेल्या बापाला ते कसं कळणार?) वायर ओढली, टॉवेल, चिंधी, कपाट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याला घेऊन तलावाच्या काठी गेलो. तो अर्धा मैल काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, मी अभ्यास करूनच राहिलो होतो ना. रात्री एक तास. पप्पा स्वतः दिवसभर मोबाइल बघून राहतात, ते?"

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. खेळ आणि मोबाइलवरचे खेळ हे आपण एकाच पोत्यात भरतो. २०१९ मध्ये आमच्या गोव्याच्या आयटी मंत्र्यांनी पबजीला घरोघरी शिरलेला राक्षस म्हटलं होतं. २ सप्टेंबर २०२० ला केंद्राने तो बंद केला, पुढच्या वर्षी तो नाव बदलून परत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने कायद्याने बंदी आणली, आणि ते मला मनापासून पटलं. पण कन्सोलवरचा गेम ही निराळी जात आहे. त्याची किंमत आधी मोजावी लागते, आणि ती जीव घेणारी असते. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तो ४९,९९० रुपयांना, त्यावरचा एकेक मोठा गेम ४,९९९ ला. कन्सोलवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता, २०१९ पासून १८ झाला, तरी सामान्य घराला ते झेपणारं नाहीच. पण एकदा पैसे दिलेत की तो गेम तुमच्या खिशात पुन्हा हात घालत नाही, निदान चांगला गेम तरी. त्याला शेवट असतो. फुकट मिळणाऱ्या मोबाइल गेमला शेवट नसतो, तो मुद्दाम ठेवलेला नसतो. डिस्क असेल तर ती मित्राला देता येते, बदल्यात त्याची आणता येते. भाच्याच्या वर्गात अशा सात डिस्क चौघांत फिरतात. म्हणून डिस्कविना कन्सोल स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका असं मी सगळ्यांना सांगतो. चार हजारांत चौघं खेळतात ते त्यात बंद.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं आणि तो खूश झाला. वकील मिळाला असं त्याला वाटलं. मग मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, जी घरी कुणाला सांगितलेली नाही.

२०११ च्या नोव्हेंबरात 'स्कायरिम' आला. त्या हिवाळ्यात मी दोनशेहून जास्त तास त्यात घालवले. बाबा तेव्हा निवृत्त होऊन घरी होते. संध्याकाळी पडवीत बसून ते मला हाक मारायचे, काही विशेष नाही, चहा घे, पेपरात हे वाचलंस का, असंच. मी आतून म्हणायचो, "दोन मिनिटं." कधी जायचो, बहुतेकदा नाही. गेम पॉझ करता येत होता. तो गेम ऑनलाइन नव्हता, कुणी वाट पाहत नव्हतं. एक बटण दाबायचं होतं. फेब्रुवारीच्या सुमारास कधीतरी माझ्या लक्षात आलं की बाबांनी हाक मारणं सोडलंय. नक्की कुठल्या दिवसापासून, ते मला सांगता आलं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला २०१९ साली आजारांच्या यादीत घेतलं, २०२२ पासून ती यादी लागू झाली. ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वर जाणं, नुकसान दिसत असून चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. त्या मोजमापाने मी आजारी नव्हतो. नोकरी चालू होती, जेवणखाण वेळेवर होतं. चार महिन्यांत गेमही संपला. यादीत बसत नाही अशी गोष्ट होती ती.

भाचा काही बोलला नाही. परतताना मनीषा मार्केटात त्याने मला कुल्फी खाऊ घातली, स्वतःच्या पैशांनी.

रात्री जेवताना मी भाऊजींना सहज विचारलं, "डेव्हिड जोन्स काय म्हणतो?" त्यांचा घास हातात थांबला. ताई आधी हसली. मग मेणबत्ती, यूपीएस, कुंपण, सगळं निघालं. भाचा ताटावरून बापाकडे असा पाहत होता, जणू हा माणूस त्याला आज पहिल्यांदा भेटतोय. "पप्पा, तुम्ही? आयजीआय?" भाऊजी म्हणाले, "अरे सेव्ह नव्हतं त्यात! तुमच्यासारखं नाही." आणि मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "पण त्यात असं गरिबाला मारणं नव्हतं."

"होतं ना भाऊजी, तुम्ही रात्रीत पन्नास जण मारायचे."

"ते शत्रू होते."

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही नीटसं सुचलेलं नाही. सैनिक मारला तर चालतो, कर्जदार मारला तर नाही, हे तर्काला धरून नाही. पण माझंही मन तसंच म्हणतं.

ठरलं ते इतकंच. 'रेड डेड' माझ्याबरोबर गोव्याला परत. कन्सोल परीक्षा होईपर्यंत वरच, मात्र रविवारी दोन तास खाली उतरेल. आणि नवा गेम आणायचा तर भाच्याने त्यात काय आहे ते बापाला आधी एका कागदावर लिहून द्यायचं, मराठीत. ही शेवटची अट भाऊजींची. मराठीत का, तर "याचं मराठी बिघडून राहिलंय म्हणून." बोलणाऱ्याचं मराठीही शाहपुऱ्याचंच, पण मी गप्प बसलो.

पहिला रविवार मी होतो तेव्हाच आला. 'राजी' लावला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळींनी केलेला, २०२० चा. सर्कशीतली मुलगी, तिचा पळवून नेलेला भाऊ गोलू, महाबलासुर, आणि दुर्गा-विष्णूंच्या तोंडून येणारी गोष्ट. भिंतीवर चित्रं, मधे मधे सावल्यांच्या बाहुल्या. परदेशात त्याला सत्तरीच्या आसपास गुण पडले. मारामारी एकसुरी आहे, शेवट तुटक आहे, ही तक्रार, आणि ती खरी आहे. पण भाऊजी सोफ्यावरून खाली जमिनीवर येऊन बसले. कंट्रोलर हातात घेतला तेव्हा त्यांना दोन दांड्या एकदम फिरवता येईनात, राजी सारखी खड्ड्यात पडायची. भाचा शेजारी स्टुलावर. "उजवीकडे पप्पा, उजवीकडे."

कागद मला त्याने मार्चअखेर, परीक्षा संपल्यावर, मोबाइलवर फोटो काढून पाठवला. अक्षर वाईट. वर 'राजी', खाली आठ ओळी. 'या गेममध्ये रक्त नाही आहे. देवी आहे. बहीण भावाला शोधते. भिंतीवरची चित्रं थांबून बघावी लागतात. पप्पांना जिना चढणं नाही जमत, बाकी जमतं. शेवट अचानक होऊन जातो, पप्पांना राग आला.' आकडा कुठेच नव्हता.